‘विहारात असले विषय नकोत’

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहाराच्या कमिटीपुढे एक साधा अर्ज आला. अर्ज करणारी मुलगी आपल्याच समाजातली, सार्वजनिक आरोग्य या विषयात पीएच.डी. करणारी. वर्षभर ती वस्तीत येऊन बायकांशी बोलते आहे. लैंगिक आणि प्रजनन आरोग्याभोवती जो ‘स्टिग्मा’ असतो, त्यावर तिचा प्रबंध आहे. पाळी, अंगावरून जाणं, तांबी, गर्भपात, ऑपरेशन, गर्भपिशवी, नवऱ्याकडून आलेलं दुखणं, यातलं बायका कुणाला काय सांगतात, कुणापासून काय लपवतात आणि लपवल्यामुळे इलाजाला किती उशीर होतो, हे ती नोंदवते. रविवारी वंदनेनंतर विहारात दोन तास बायकांची बैठक घ्यायची परवानगी तिला हवी होती.

कमिटीने नकार दिला. कारण तोंडी सांगितलं, “विहारात असले विषय नकोत, पवित्र जागा आहे.” एकाने भर घातली, “हे एनजीओवाल्यांचे विषय, चळवळीचे नाहीत.”

मी त्या बैठकीत होतो. समाजशास्त्रात एम.ए. केलेला, वस्तीत दहा वर्षं काम करणारा मी, गप्प बसलो. विषय निघाला तेव्हा चहाच्या कपाकडे पाहत होतो. त्या गप्प बसण्याची लाज वाटते म्हणून हे लिहितो आहे. मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. फक्त दोन प्रश्न तपासायचे आहेत : ‘पवित्र’ हा शब्द आपल्याकडे आला कुठून, आणि हा विषय चळवळीचा नाही हे कुणी ठरवलं?

त्या मुलीच्या प्रश्नावलीपासून सुरुवात करतो. ‘स्टिग्मा’ला तिने मराठीत ‘कलंक’ असा शब्द घेतला होता. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईने तो ऐकला आणि म्हणाली, “कलंक चोराला लागतो पोरी. आम्हाला विटाळ.” विद्यापीठात आम्ही अर्व्हिंग गॉफमनचं १९६३ चं ‘स्टिग्मा’ हे पुस्तक वाचलं होतं. मूळ ग्रीक शब्द म्हणजे गुलाम, गुन्हेगार, द्रोही ओळखू यावेत म्हणून अंगावर डागलेली खूण, असं गॉफमन सांगतो. पुस्तक चांगलं आहे, पण त्या म्हातारीचा शब्द जास्त नेमका आहे. डागलेली खूण ज्याची त्याच्याजवळ राहते. विटाळ शिवल्याने दुसऱ्याला लागतो. म्हणून विटाळ मानणाऱ्या समाजाला नुसती खूण पुरत नाही. त्याला अंतर लागतं, वेगळी भांडी लागतात, गावाबाहेरची वस्ती लागते, घराबाहेरचा कोपरा लागतो. आपल्याला आणि पाळीतल्या बाईला एकच शब्द लावला गेला हा योगायोग नाही.

पुरावा हवा असेल तर मनुस्मृतीचा पाचवा अध्याय, श्लोक ८५ काढा. कुणाला शिवल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हावं, याची तिथे यादी आहे : चांडाळ, पाळी आलेली बाई, पतित, बाळंतीण, प्रेत आणि प्रेताला शिवलेला माणूस. तिसऱ्या अध्यायात, २३९ व्या श्लोकात दुसरी यादी आहे. ब्राह्मण जेवत असताना कुणाची नजर त्याच्यावर पडू नये? चांडाळ, डुक्कर, कोंबडा, कुत्रा, रजस्वला आणि षंढ. आजच्या तृतीयपंथी माणसांनाही त्याच ओळीत बसवलं आहे, हेही लक्षात घ्या. अस्पृश्यतेचा कायदा आणि बाईच्या शरीराचा कायदा असे दोन वेगळे कायदे नव्हतेच. यादी एकच होती. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो ग्रंथ जाळला गेला, तेव्हा यादीतलं चांडाळाचं नाव जाळून रजस्वलेचं राखून ठेवलं नव्हतं. आपण मात्र तसंच वागतो. गावाने आपला विटाळ धरला तर आपण ॲट्रॉसिटीची केस करतो, आणि घरातली सून ‘बाहेर बसली’ की मेणबत्ती तिच्या हाती देत नाही. हे मी बौद्ध घरांत पाहिलं आहे. माझ्या घरीही होतं.

या विटाळाचा कारभार कसा चालायचा, ते सुईणीकडे पाहिलं की कळतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बाळंतपण करायला मातंग बाई जायची. मूल अडलं की सवर्णांच्या घरात तिचे हात चालत. नाळ तिनेच कापायची, घाण तिनेच काढायची. बाळ-बाळंतीण सुखरूप झाली की तीच बाई पुन्हा उंबऱ्याबाहेर. आणि तिच्या स्वतःच्या बाळंतपणाचं काय? ते मुक्ता साळवेने लिहून ठेवलं आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही चौदा वर्षांची मातंग मुलगी. तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापला गेला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पावसात त्यांचे हाल होतात, त्यात रोग झाला तर वैद्याला पैसे कुठून आणायचे, असं ती विचारते. १७० वर्षांपूर्वीची ही नोंद आहे. प्रजनन आरोग्य आणि जात यांचा संबंध कुणी दाखवला असं विद्यापीठात कुणी विचारलं, तर पहिलं नाव मुक्ताचं सांगायला हरकत नाही. आठ वर्षांनी, १८६३ मध्ये, फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आसरा कुणाला हवा होता? फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांना. ज्यांच्या घरी ‘पावित्र्य’ राहायचं, त्यांच्याच मुलींना गुपचूप बाळंत व्हायला माळ्याच्या घराचा आधार घ्यावा लागला. पुढे तिथल्याच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला.

आता बाबासाहेबांकडे येतो, कारण कमिटीतल्या मंडळींना शेवटी तेच प्रमाण लागतं.

बाबासाहेब हे रामजी आणि भीमाबाईंचं चौदावं अपत्य. त्या चौदांतली बहुतेक भावंडं लहानपणीच गेली. आई गेली तेव्हा ते जेमतेम पाच-सहा वर्षांचे होते. रमाईंना पाच मुलं झाली. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न गेले, यशवंत तेवढे राहिले. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. बरोबर दोन वर्षांनी, २८ जुलै १९२८ ला, बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बिलावर बोलायला उभे राहिले. त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, तारखा तेवढ्या सांगतो. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पण तेवढ्याने मालक सुटत नाही, बाईच्या कामातून नफा मिळवणाऱ्याने वाटा उचललाच पाहिजे, हेही त्यांनी बजावलं. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा.

बाळंतपणाची रजा हा तसा ‘सभ्य’ विषय, कमिटीलाही तो चालेल. १९३४ चा विषय तसा नव्हता.

रघुनाथ धोंडो कर्वे म्हणजे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढू लागले. कामजीवन, गुप्तरोग, संततिनियमन यांवर ते उघडपणे लिहीत आणि वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत. १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला झाला, दंड झाला. १९३४ मध्ये दुसरा. यावेळी गुन्हा काय? हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली. म्हणजे आज त्या मुलीच्या प्रश्नावलीत असतात तसेच प्रश्न. लोकांनी विचारले आणि जाणकाराने सांगितलं, एवढाच गुन्हा.

कर्व्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. त्या काळात ते कुठे होते ते आठवा. गोलमेज परिषदा होऊन गेल्या होत्या. पुणे कराराला दोन वर्षंही झाली नव्हती. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. सनातनी वर्तमानपत्रं त्यांच्यावर टपलेलीच होती. अशा वेळी एका ‘अश्लील’ मासिकाच्या ब्राह्मण संपादकासाठी कोर्टात उभं राहून त्यांना मिळणार काय होतं? ना मतं, ना पैसा, ना समाजात वाहवा. मिळाली तर बदनामीच. तरी ते उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्यासाठी त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या लैंगिक शास्त्राच्या अभ्यासकांचा आधार घेतला. असे विकृत प्रश्न छापायचेच कशाला, असा सूर निघाला तेव्हा त्यांचं म्हणणं असं होतं की वाचक विचारतो आहे, तर त्याला उत्तर मिळालं पाहिजे. ज्याला विकृती म्हणता तिच्यावरही ज्ञान हाच इलाज आहे.

खटला ते हरले. कर्व्यांना पुन्हा दंड झाला.

कर्वे आपल्या चळवळीतले नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. त्या काळातले संततिनियमनवाले बहुतेक उच्चवर्णीय, आणि त्यातले बरेच सुप्रजननाच्या नादाचे. ‘चांगल्या’ घरांत मुलं कमी आणि गरिबांत जास्त, ही त्यांची चिंता. त्या चिंतेत आपली आई-बहीण माणूस म्हणून नव्हतीच, ती नुसती गर्दी होती. बाबासाहेबांनी हाच प्रश्न उचलला तेव्हा त्याचं तोंड कसं फिरवलं, ते १९३८ मध्ये दिसतं.

स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार, अहमदनगरचे प्रभाकर जनार्दन रोहम यांनी १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत ठराव मांडला. कुटुंबाचा आकार मर्यादित ठेवण्याची निकड आहे, म्हणून सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी लागणाऱ्या पुरेशा सोयी लोकांना द्याव्यात, असा तो ठराव. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं. ते हजर नव्हते म्हणून रोहमांनी ते सभागृहात केलं. तारखेकडे पुन्हा बघा. तीनच दिवस आधी, ७ नोव्हेंबरला, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत तो मोठा संप झाला होता. स्वतंत्र मजूर पक्ष त्यात पुढे होता, गोळीबारही झाला होता. ‘आधी मोठे प्रश्न, मग बायकांचे’ असं म्हणायला त्या आठवड्यासारखं निमित्त पुन्हा मिळालं नसतं. पक्षाने ते निमित्त घेतलं नाही. संप आणि संततिनियमन एकाच आठवड्यात मांडलं.

त्या भाषणात लोकसंख्या आणि दारिद्र्याचेही मुद्दे आहेत, त्यातले काही आज वाचताना खटकतील. ते लपवायचं कारण नाही. पण त्यातच दोन गोष्टी अशा आहेत की आजही सभागृहात कुणी तेवढ्या सरळ बोलणार नाही. एक म्हणजे, कोणत्याही कारणाने बाईला मूल नको असेल तर ते टाळणं तिला शक्य झालं पाहिजे, मूल होऊ द्यायचं की नाही हे सर्वस्वी तिच्या मर्जीवर असलं पाहिजे. ‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांवर थांबा. नवऱ्याची परवानगी नाही, सासूची नाही, सरकारच्या उद्दिष्टाचा आकडा नाही. दुसरी गोष्ट पुरुषांना उद्देशून आहे. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकापलीकडे दुसऱ्या मुलाला कुणी पुरुष तयार झाला नसता, असं ते भाषण बजावतं. वर्ध्यात डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर गांधीजींना भेटल्या होत्या, तेव्हा गांधीजींनी साधनं नाकारून संयमाचा उपदेश केला होता. संयमाचं हे म्हणणं व्यवहारात टिकत नाही, हेही १९३८ च्या भाषणात आहे. तेव्हा प्रांतात काँग्रेसचं सरकार होतं. ठराव मोठ्या फरकाने पडला.

१९४२ च्या जुलैत नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. तिथेही बाबासाहेबांनी हजारो बायकांपुढे लग्नाची घाई नको, मुलांची संख्या जास्त नको, बायको ही नवऱ्याची मैत्रीण असावी, दासी नव्हे, हे स्पष्ट सांगितलं. आणि त्याआधी, १६ जून १९३६ ला, परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या देवदासी, मुरळ्या, जोगतिणींपुढे ते बोलले होते. तिथे त्यांनी ते जिणं सोडून द्या असं कठोरपणे सांगितलं. त्या भाषणाबद्दल आज मतभेद होऊ शकतात, मलाही त्यातलं सगळं पचत नाही. पण त्या बायकांना समोर बसवून ते बोलले, त्या बायका सभेला येऊ शकल्या, हे आपण विसरतो. आपण त्यातून एकच शब्द उचलला : इज्जत.

माझ्या मते चळवळीचं मौन तिथून सुरू होतं. सवर्णांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायकांना ‘चालू’ ठरवलं, कारण त्या रानात, रस्त्यावर, गिरणीत कामाला जात. त्या शिव्यांना उत्तर म्हणून आपण आपल्या मुलींना त्यांच्या मुलींपेक्षा सोवळ्या करायला निघालो. अभ्यासक्रमात याला श्रीनिवास यांचा ‘संस्कृतीकरण’ हा शब्द आहे. वस्तीत याला संस्कार म्हणतात. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलं. कोवळ्या वयातली बाळंतपणं, उपाशी बाळंतिणी, सुईणींच्या हातून झालेले हाल, सगळं त्यांनी लिहिलं. पण ते लिखाण त्यांनी कित्येक वर्षं घरात लपवून ठेवलं होतं. कुणापासून? पेशव्यांपासून नव्हे.

आपण हा प्रश्न टाकून दिला तेव्हा तो रिकामा पडला नाही. सरकारने तो उचलला आणि उलटा केला. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आणीबाणीत त्याचं काय झालं ते वस्तीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. बाबासाहेबांनी मागितली होती बाईची मर्जी, मिळालं सरकारचं टार्गेट. त्यानंतर पुरुषांवर सक्ती करायला कुणी धजावलं नाही, सगळा भार बायकांवर गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुष नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. कळांबद्दलचं ते वाक्य आठवतंय ना?

आणि बीड. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, एक दिवस खाडा झाला की दंड. फडात ना पाणी, ना आडोसा. पाळीत काम होत नाही, अंगावरून जातं, दुखतं, आणि खाजगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. मग पिशवीच काढून टाकायची. याला ‘जनजागृतीचा अभाव’ म्हणणाऱ्यांनी एक हंगाम कोप्यांवर काढावा. पण मला आणखी एक विचारायचं आहे. त्या बायकांत आपल्याही होत्या. पिशवी काढायच्या आधी त्या कुणाशी बोलू शकत होत्या? त्यांच्या गावातल्या विहारात हा विषय चालला असता का?

आमच्या वस्तीतलीच गोष्ट. मागच्या पावसाळ्यात एकोणीस वर्षांच्या एका मुलीला तिची मावशी एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोटात दुखत होतं. केसपेपरवरचं आडनाव वाचून तिथल्या बाईंनी रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “लग्न झालेलं नाही ना? मग हे कशानं?” मुलगी परत गेली नाही. तीन महिन्यांनी ताप चढला तेव्हा भरती करावी लागली. हे सगळं मला तिने नाही सांगितलं, मला सांगितलं नसतंच. त्या पीएच.डी. करणाऱ्या मुलीला सांगितलं, आणि तिच्याकडून, नाव न घेता, माझ्यापर्यंत आलं. १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलं की वीस ते चोवीस आठवड्यांच्या मुदतीतही अविवाहितेला वेगळं काढता येणार नाही. आमच्या वस्तीत हे किती जणींना माहीत आहे, असं त्या मुलीला विचारलं. तिने मान हलवली आणि विषय बदलला. प्रबंध पूर्ण होईपर्यंत ती आकडे सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता ‘एनजीओवाल्यांचा विषय’ या आक्षेपाबद्दल. त्यात तथ्य आहे. शहरातल्या सवर्ण स्त्रीमुक्तीवाल्यांनी पाळीवर पोस्टर काढली, त्यात जात आणली नाही. जणू विटाळ हा फक्त त्यांच्या स्वयंपाकघरातला प्रश्न होता. अशा लोकांवर राग येणं साहजिक आहे. पण त्यांचा राग आपण आपल्याच मुलीवर काढतो आहोत. तिच्या प्रश्नावलीत आडनावाचा प्रश्न आहे, दवाखान्यातल्या वागणुकीचा आहे, कामाच्या जागेचा आहे. मुक्ता साळवेने जे विचारलं तेच ती वेगळ्या कागदावर विचारते आहे. तिच्या गाईडला यात जात कशाला हवी असं वाटतं, आणि आपल्या कमिटीला यात हे विषय कशाला हवेत असं वाटतं. ती बिचारी मधल्या मधे.

येत्या रविवारी कमिटीची पुन्हा बैठक आहे. अर्ज मी परत ठेवणार आहे, यावेळी खाली माझी सही असेल. सोबत महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथमालेचा दुसरा खंड नेतो आहे. विहाराच्याच कपाटात तो आहे, पुट्ठ्यावर धूळ होती. १० नोव्हेंबर १९३८ च्या पानात खूण घालून ठेवली आहे. ते पान आधी सचिवांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचावं आणि मग अर्जावर मत घ्यावं, एवढंच मी सांगणार आहे.

जयभीम.